नातीच्या लग्नातला बँड

साल दोन हजार तेवीस. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं लागलेलं. वरचे पुढचे दात सगळे माझेच होते. हे आधी सांगतो, कारण क्लॅरनेटची तोंडात धरायची चोच वरच्या दातांना टेकते, आणि दात गेले की वाजवणारा गेला. माझे गेले नव्हते. म्हणून त्या साली मला कोणी म्हातारा म्हटलं की मी भांडायला उठायचो.

मी पेणचा. शाळा चौथीपर्यंत, तीपण मास्तरांच्या दयेवर. लग्नाच्या बँडात पन्नास वर्षांवर क्लॅरनेट वाजवलं, त्यातली तीस वर्षं पार्टी माझ्या हाताखाली. कॉर्नेटवाला हमरापूरचा, एरवी गणपतीचे डोळे रंगवतो. ढोलवाला खाडीकडचा, मिठागरातला, हात दगडासारखे. असे आम्ही नऊ जण. तालुक्यात कोणालाही विचारा, सांगतील.

माझ्या मुलाची मुलगी, घरातली पहिली नात, पुण्याला कंपनीत होती. तिचं ठरलं रोह्याच्या मुलाशी. त्यांचं घर गावाला लागून, वरसेत. सकाळी लग्न घरच्यांत उरकायचं आणि संध्याकाळी कोलाडच्या रस्त्याला एका लॉनवर रिसेप्शन, असं दोन्हीकडच्यांनी नक्की केलं. पौषात तिचा फोन आला. बाकी सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "आणि आबा, रिसेप्शनला बँड ठरला हां!"

"ब्येस केलंस," मी म्हटलं.

आता यात माझी काय चूक? आमच्या घरात बँड या शब्दाचा अर्थ एकच. "बँडात गेलेत" म्हणजे मी घरी नाही. "बँडाचं सामान" म्हणजे माझं कपाट. मी त्याच संध्याकाळी बाजारात आमच्या गाळ्यावर गेलो आणि सगळ्यांना सांगितलं, नातीचं काम हाय, कोट धुवायला टाका, ती तारीख दुसऱ्या कोणाला देऊ नका. वडखळच्या एका पार्टीला तोंडावर नाही म्हटलं. न्हाव्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. लाल कोट, सोनेरी पट्टी, नऊच्या नऊ जण, मध्ये मी आणि समोर खुर्चीवर नात. रोज झोपताना मला हेच दिसायचं.

लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा ती पत्रिका घेऊन पेणला आली. चहा पिताना माझ्या शेजारी बसली आणि मोबाइल पुढे धरला. "आबा, हा बघा आपला बँड."

त्यात पाच जण होते. पोरांना पट्ट्यापट्ट्याच्या पँटी, खांद्यावरून गॅलिस, डोक्यावर तिरक्या टोप्या. एक बाई गात होती. एकाजवळ माणसाएवढं उभं व्हायोलिन. एक ट्रम्पेट, एक ड्रम. आणि एका पोरीच्या हातात क्लॅरनेट.

"हे कोण?"

"बँड! मुंबईचा आहे. स्विंग वाजवतात, जुनं जाझ. एकदम विंटेज."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... जुनं, आबा. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं."

"मग मी काय नवा हाय?"

स्वयंपाकघरातून बायको खो खो हसली. नात हसली नाही. तिच्या लक्षात आलं. "आबा, तुम्हांला वाटलं होतं का...?"

"मला काय वाटायचंय? तुमचा बँड, तुम्ही ठरवा."

"तसं नाही हो. तुमचा बँड वरातीचा. हे कसं, बसून ऐकायचं असतं."

"मग वरातीला येतो आम्ही."

"वरात ठेवलीच नाहीये. हायवेचा रस्ता, परवानगी काढा, ट्रॅफिक. त्यांच्याकडचे पण नकोच म्हणाले."

बसून ऐकायचं असतं. हे वाक्य मला लागलं. पन्नास वर्षांत माझं कोणी बसून ऐकलं नव्हतं. माझ्यापुढे माणसं नाचली, माझ्या अंगावर नाचता नाचता पडली, कोणी क्लॅरनेटच्या तोंडात नोट खोचली. बसलं मात्र कोणी नाही. आणि ही कालची पोरं आजोबांचे कपडे घालून आजोबांचं गाणं वाजवणार आणि लोक त्यांच्यापुढे खुर्च्या टाकून बसणार! मी खरा आजोबा, आणि मी कपाटात.

त्यातून ते वाजवत होते ते मला ठाऊक होतं, हे जास्त झोंबलं. माझे उस्ताद मुंबईच्या हॉटेलांत वाजवलेले. साहेबलोक नाचायचे तसलं संगीत. हॉटेलांतलं ते बंद पडल्यावर पोटासाठी पेणच्या बँडात आले. त्या चालीला ते लंगडी म्हणायचे. एक पाय लांब, एक पाय आखूड, पण लंगडणारा माणूस सुखात आहे असं वाटलं पाहिजे, असं सांगायचे. मला त्यांनी दोन विलायती गाणी लंगडीत बसवून दिली. सुरुवातीची काही वर्षं आम्ही ती मांडवापुढे वाजवायचो. मग लोक ओरडायला लागले, सिनेमाचं वाजवा, नागीण वाजवा. आम्ही नागीण वाजवली. लंगडी मी घरी वाजवायचो, नात रांगत होती तेव्हा तिला खेळवायला, आणि पुढेही कधीमधी.

म्हणजे माल माझा. मी लोकांसाठी टाकून दिला, आणि यांनी तोच उचलून, पुसून, टोपी घालून परत आणला.

गाळ्यावर जाऊन सांगावं लागलं. कॉर्नेटवाला म्हणाला, "मास्तर, कोट धुऊन आले. इस्त्री पण झाली."

"झाली तर झाली. ठेव कपाटात."

"मग आपण नाय?"

"आपण पाहुणे. जेवायला जायचं."

ढोलवाल्यानं नुसतं ढोलाच्या दोरीला उगाच ओढ दिली.

त्या तीन आठवड्यांत मुलानं माझ्या फोनवर तो व्हिडिओ टाकून दिला होता, तो मी किती वेळा बघितला ते सांगत नाही. चूक सापडावी म्हणून बघायचो. एकदा सापडलीसं वाटलं. बायकोला हाक मारून बसवलं. "ऐक, इथं ती पोरगी चुकते."

"मला तर बरं वाटतंय."

"तुला काय कळतं गो त्यातलं?"

"पन्नास वर्षं तुमचं ऐकतेय. तेवढं तरी कळत असंल."

लग्नाच्या दिवशी मी क्लॅरनेटची पेटी बरोबर घेतली. बायको म्हणाली, "ते कशाला आणि?" मी म्हटलं, "असू दे." मनात काय होतं ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. पत्र्याच्या लहान डबीत चार पत्त्या होत्या, ती नेहमीसारखी सदऱ्याच्या खिशात. पत्ती म्हणजे क्लॅरनेटच्या चोचीला बांधायची वेताची पातळ चीप. ती थरथरते तेव्हा आवाज निघतो. तिचा कोपरा उडाला की लाखाचं वाद्य लाकूड होतं.

सकाळचं लग्न नीट झालं. संध्याकाळी लॉनवर दिव्यांच्या माळा, हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या. त्या पाच जणांनी सामान मांडलं. त्यांचा माइकसुद्धा जुन्या जमान्यातला दिसायचा, पण मी जवळ जाऊन बघितलं, आतून नवा कोरा होता. मला बरं वाटलं. म्हटलं, सगळंच असं असणार.

मग त्यांनी सुरू केलं.

ड्रमवाला काठ्यांनी वाजवतच नव्हता. त्याच्या हातात तारांचे कुंचे होते, आणि कोणी सुपात तांदूळ पाखडावेत तसा तो ताल येत होता. ते मोठं उभं वाद्य बोटांनी छेडलं की आवाज कानाला लागायच्या आधी खुर्चीला लागायचा. बाई तर गातच नव्हती, शेजारी बसून सांगितल्यासारखं बोलत होती. आणि त्या सगळ्यांच्या मधून ती पोरगी. वय पंचवीस असेल. खालच्या सुरांत इतकं हळू वाजवत होती की मला वाटलं आता सूर फाटेल, आता फाटेल. फाटला नाही. लंगडी बरोबर होती. लांब पाय, आखूड पाय, आणि लंगडणारा सुखात.

माझ्या पुढच्या रांगेत पेणचेच पाहुणे होते. ज्यांच्या घरच्या तीन लग्नांत मी वाजवलं, ते मांडीवर हात ठेवून, माना हलवत, बसून ऐकत होते. एकजण वळून मला म्हणाला, "मास्तर, याला म्हणतात म्युझिक!" मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

अर्ध्या तासानं ते जरा थांबले. मंचावरून उतरताना सजावटीची जरीची झालर त्या पोरीच्या क्लॅरनेटमध्ये अडकली, तिनं ओढली, आणि पत्तीचा कोपरा उडाला. मी लांबून बघितलं आणि मला कळलं. तिच्या पत्त्यांची पिशवी कोलाडला, ते उतरले होते त्या हॉटेलवर राहिली होती. गाडी पाठवली, पण हायवेला ट्रक आडवा झालेला, गाडी अडकली. हे सगळं मी माझ्या खुर्चीत बसून ऐकत होतो. ट्रम्पेटवाला फोनवर ओरडतच होता.

मग ती सरळ माझ्याकडे आली. खाली वाकून म्हणाली, "काका, तुम्ही वाजवता ना? ताईंनी, तुमच्या नातीनं सांगितलंय मला. एखादी रीड असेल का तुमच्याकडे?"

"रीड?" मी उगाच म्हटलं.

"ही हो, पत्ती. बघा ना, तुटली."

"नाय."

"एकही नाही?"

"नाय."

तिची नजर खुर्चीखालच्या पेटीवर गेली. "यात लावलेली असेल ना?"

"ती एकच हाय. माझ्या तोंडाला बसलेली. दुसऱ्याला चालायची नाय."

"हो, ते बरोबर आहे," ती म्हणाली. तिला ते खरंच पटलं. वाजवणाऱ्याला ते पटतं. एवढा वेळ मी हललो नव्हतो. हललो असतो तर डबी खुळखुळली असती.

मी असं का केलं ते लिहितो, उगाच गोड करून सांगत नाही. मला वाटलं, आता यांना मला बोलवावं लागेल. आणि तसंच झालं. दहा मिनिटांत ट्रम्पेटवाला आला. "काका, गाडी काही पोचत नाही. तुम्हीच या ना वर!"

मी लगेच उठलो नाही. आधी पाणी मागवलं. मग पेटी उघडली.

वर गेल्यावर तो कानाशी म्हणाला, "बी फ्लॅटमध्ये आहे काका, जमेल?"

"काळी पाच म्हण की," मी म्हटलं. तो हसला. नात समोर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. तिच्या नवऱ्यानं मोबाइल काढला.

पहिल्या फुंकीला मला वाटलं, आता बघा. आणि बोटं चालली, खोटं कशाला बोलू? उस्तादांनी बसवलेली प्रत्येक जागा हातात होती. पेणची माणसं खुर्च्यांवरून उठली. कोणी पतंग उडवल्यासारखं नाचायला लागलं, कोणी रुमाल दातात धरला. मला चेव चढला.

मग मी डोळे उघडून बाजूला बघितलं. गाणाऱ्या बाईनं एका कानात बोट घातलं होतं. तिचे ओठ हलत होते, शब्द मला ऐकू येत नव्हते. ड्रमवाल्यानं कुंचे खाली ठेवून काठ्या घेतल्या होत्या. त्या उभ्या वाद्यावर बोटं पडत होती, पण आवाज? तो माझ्याखाली गेला होता. ट्रम्पेटवाल्यानं तर वाद्य खालीच केलं. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की माणसं जशी बाजूला होतात, तशी ती पोरं एकेक करून, हसतमुखानं बाजूला झाली होती.

मी तसाच शिकलोय. मागे जनरेटर, पुढे फटाके, दोन्ही बाजूंना आरडाओरडा, आणि त्यावरून चार घरं पलीकडे उभ्या नवऱ्यामुलाच्या आईला ऐकू गेलं पाहिजे. हळू वाजवणारा क्लॅरनेटवाला आमच्यात उपाशी मरतो. मी हळू करून बघितलं. खालच्या सुराला हात घातला तर श्वास तुटला आणि कोंबड्यासारखा आवाज आला. घाईघाईनं परत वर गेलो, आणि वरच राहिलो. शेवटपर्यंत.

टाळ्या खूप पडल्या. शिट्ट्या पडल्या. नातीनं येऊन मिठी मारली. जे हवं होतं ते मिळालं होतं. खाली उतरलो तर ती पोरगी माझीच खुर्ची धरून उभी.

"काका, काय आवाज आहे तुमचा!"

वाजवणारा वाजवणाऱ्याला आवाज आहे म्हणतो तेव्हा त्याला दुसरं काही चांगलं सापडलेलं नसतं. मला कळत नाही असं नाही.

मग ती म्हणाली, "मला एवढं वाईट वाटतंय ना. शेवटचं गाणं आपण दोघांनी वाजवायचं होतं. ताईंनी तुमचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं मला, घरी वाजवता ते. महिनाभर बसवलंय मी त्याच्याखाली दुसरा सूर. तुम्हांला आधी सांगायचं नव्हतं, सरप्राइज होतं. तुम्ही क्लॅरनेट आणणारच, असं ताई म्हणाल्या होत्या."

"कुठलं गाणं?" मी विचारलं.

तिनं गुणगुणून दाखवलं. रांगत्या नातीला खेळवायला वाजवायचो, तेच.

शेवटच्या गाण्याला अजून अवकाश होता. मध्ये दोन गाणी होती. खिशातून डबी काढायची, पत्ती तिच्या हातात द्यायची, एवढंच काम. पत्तीसुद्धा चांगली होती, नवी, मुंबईहून मागवलेली. माझा हात खिशापर्यंत गेला. तिथून रुमाल काढला आणि घाम पुसला. आता डबी काढली तर मघाशी खोटं बोललो हे या पोरीला कळणार. सगळ्या लॉनला कळणार. मी तालुक्यातला मास्तर. मी नाही काढली.

त्यांनी ते गाणं क्लॅरनेटशिवाय वाजवलं. मला वर बोलावलं, मी दम लागलाय म्हणून सांगितलं. ती पोरगी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. वाद्य मांडीवर आडवं, चोच काढलेली, आणि बोटं गाण्याबरोबर भोकांवर चालत होती. मी तिची बोटं बघत होतो. माझ्या सुराखाली तिनं काय बसवलं होतं ते बोटांवरून समजायचा प्रयत्न करत होतो. थोडं समजलं. फार सुंदर होतं. मी आजही त्या पोरीवर जळतो, हेही लिहून ठेवतो. तिच्या वयाला मी त्या सुरांना हात लावायला घाबरायचो.

निघताना नात पाया पडली. मी उठवून जवळ घेतली, आणि खिशातली डबी खुळखुळली. ती थांबली. लहानपणी माझ्या कडेवर बसून तीच डबी काढून खेळायची, तिला काय आवाज ओळखू येणार नाही?

"आबा, डबी वाजते," ती हळूच म्हणाली.

"गोळ्या हायत. बीपीच्या."

माझ्याकडे बघत राहिली. भरलेले डोळे होते, पण ते सासरी जायचं म्हणून की दुसऱ्या कशानं, सांगता येत नाही. मग म्हणाली, "हां. वेळेवर घेत जा."

परतताना गाडीत कोणी माझं कौतुक करत होतं, काय दाणादाण उडवून दिली पोरांची! बायको खिडकीपाशी बसली होती. नागोठणं मागे पडल्यावर म्हणाली, "त्या बाईचं गाणं चांगलं होतं. तुमच्यापुढं ऐकू नाय आलं." मी झोपल्याचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या मी मागच्या पडवीत बसलो. दार लावून घेतलं. खालचा एकच सूर धरला आणि तो जेवढा हळू जाईल तेवढा हळू लावायला लागलो. पहिल्यांदा फाटला. परत लावला, परत फाटला. पन्नास वर्षांत असं कधी केलं नव्हतं. दाराच्या पलीकडे बायको भाकऱ्या थापत होती. भाकरीची थाप मला ऐकू येत होती; ती आपल्या सुराच्या वर राहिली पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं. पुष्कळ वेळ गेला. एकदा सूर असा लागला की मलाच तो दातांतून कळला, कानांनी नाही.

"ऐकू आलं काय गो?" मी ओरडून विचारलं.

"काय?"

"काय नाय," म्हटलं. पत्ती जिभेनं ओली केली, आणि परत तोच सूर धरला.